सुभद्रेच्या नावावरचे डोळे

शाळेच्या जुन्या तीन खोल्या पाडायचे ठरले तेव्हा मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतले. शिरूर कासारहून दोन कोसांवरचे हे आमचे गाव. मी याच शाळेत शिकले, पुढे गेवराई तालुक्यात जन्मभर शिकवले आणि निवृत्त झाल्यावर पुन्हा इथेच येऊन राहिले. मुख्याध्यापक वयाने माझ्या मुलाएवढे आहेत. लाकडी कपाटाची किल्ली हातात देत ते म्हणाले, "बाई, ह्यातलं काय ठेवायचं अन् काय रद्दीत काढायचं, ते तुमीच ठरवा. आमाला ह्यातलं काई कळत न्हाई."

कपाट उघडले तसा आधी वास आला. कसरीचा, उंदरांच्या लेंड्यांचा, वाळलेल्या डिंकाचा आणि या सगळ्याखाली दबलेला, अगदी पुसट, फिनेलचा. फिनेलचा वास कागदात इतकी वर्षे राहतो की नाही, हे मला ठाऊक नाही. मला तो आला, एवढेच नमूद करते.

खालच्या खणात सुतळीने बांधलेला जाड कार्डांचा गठ्ठा होता. प्रत्येक कार्डावर छापील रकाने: नाव, इयत्ता, उंची, वजन, दात, कान, डोळे, घसा, प्लीहा, त्वचा, देवी काढल्याचा व्रण, ओळखीची खूण, शेरा. शाळेतल्या मुलांना रांगेत उभे करून डॉक्टरने तपासावे, ही रीत विसाव्या शतकाच्या आरंभीची, आणि हे रकानेही थोड्याफार फरकाने तेव्हापासूनचेच. ज्या कोणी ते प्रथम आखले, त्याच्याविषयी मला आदर आहे. मुलाला अक्षर येत नसेल तर आधी ते त्याला दिसते का, हे पाहावे, इतका साधा आणि इतका मोठा विचार त्या आडव्या-उभ्या रेघांमागे होता. माझा राग त्या रेघांवर नाही.

मी कार्डे इयत्तेप्रमाणे लावू लागले. सवय जात नाही. चौथीच्या कार्डांत माझे कार्ड सापडले. वजन चोवीस किलो. डोळे ६/६, म्हणजे निर्दोष. ओळखीची खूण: डाव्या भुवईवर जुना व्रण. लहानपणी जात्याच्या पाळीवर पडले होते, त्याचा तो व्रण. त्याच्या पाठीमागचे कार्ड माझ्या मैत्रिणीचे, सुभद्रेचे होते. वजन चोवीस किलो. डोळे ६/६. ओळखीची खूण: डाव्या भुवईवर जुना व्रण.

सुभद्रेच्या भुवईवर कधीही, कसलाही व्रण नव्हता.

मी ते कार्ड हातात धरून तिथेच मुलांच्या बाकड्यावर बसून राहिले.

तपासणी पौषात होई. शिवारात ज्वारी हुरड्यावर आलेली असे आणि सकाळी शाळेला येताना बांधाबांधावरून आगटीचा धूर नाकाशी येई. आदल्या दिवशी गुरुजी सांगत, "उद्या नखं कापून, डोकं धुऊन, धुतलेले कपडे घालून यायचं. डाक्टर येणार आहेत." आमच्या गुरुजींचा आवाज एरवी मोठा असे, हे सांगताना तो खाली येई. मग घरोघर चुलीवर पाण्याची हंडी चढे. आई शिकेकाईच्या पाण्याने डोके इतके घोळसून काढी की डोळे संध्याकाळपर्यंत लाल राहत. टाचा खडबडीत दगडाने घासून घासून हुळहुळ्या होत. सकाळी थंडगार मातीवर पाय ठेवला की त्या चरचरत.

शाळेचे अंगण शिंपलेले असे. वर्गातून फिनेलचा बोळा फिरवलेला असे. शिरूरच्या दवाखान्याची जीप आली की पेट्रोलचा वास लिंबाच्या झाडाखाली बराच वेळ थांबून राही आणि आम्ही तो छाती भरून घेत असू. इनॅमलची पांढरी परात, तिच्यात कापसाचे बोळे, स्पिरिटची बाटली, घशाला लावायचे जांभळे औषध. वजनकाट्याची लोखंडी पाटी अनवाणी पावलांना अशी झोंबे की अंग आपोआप चोरले जाई. त्यात एखाद-दुसरा किलो कमी भरत असावा, असे मला पुढे वाटत आले. आणि लिंबाच्या खोडाला टांगलेला तो तक्ता. वर ताटलीएवढा एकच 'म', मग खालच्या ओळीत दोन अक्षरे, मग तीन, मग चार, आणि तळाला राळ्याच्या दाण्यांसारखी बारीक अक्षरे. तिथून वीस फूट मोजायला शिपाईमामांपाशी गाठी मारलेली दोरी होती. शेवटच्या गाठीशी चुन्याची रेघ. रेघेवर पाय जुळवून उभे राहायचे, एक डोळा तळव्याने झाकायचा, दाबायचा नाही.

हे सगळे आठवताना मन सुखावते, ही गोष्ट खरी. म्हणूनच पुढचे सावकाश सांगितले पाहिजे. आठवणीला सुवास आला की तिच्यातला अन्याय दिसेनासा होतो.

दसरा उलटला की आमच्या गावातून ऊसतोडीच्या गाड्या निघत. गाडीवर तवा, कणगी, गोधड्यांची वळकटी, कोंबड्यांचे खुराडे, मागे बांधलेली शेळी आणि सगळ्यांच्या वर, आभाळाला टेकल्यासारखी, पोरे. बैलांच्या घुंगुरमाळांचा आवाज नदीपलीकडे विरेपर्यंत आम्ही मागे राहिलेली मुले वेशीत उभी असू. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या तरटपट्टीवर मोकळ्या जागा दिसत. पहिले काही दिवस आम्ही त्या जागा सोडून बसत असू. मग हळूहळू सरकून जवळ येत असू, कारण थंडी वाजे. चौथीच्या वर्गात आम्ही बत्तीस होतो. पौषात चौदा उरत.

आणि तपासणी पौषातच. वर्षाच्या ज्या महिन्यांत ही अठरा मुले गावात असत, त्या महिन्यांत डॉक्टर का येत नसत, याचे कारण मी पुढे अनेकांना विचारले. कुणी जीपचे सांगितले, कुणी वरच्या वेळापत्रकाचे. परीक्षा पाहून, निवडणूक पाहून, पाऊसपाणी पाहून तारखा ठरवणाऱ्या माणसांना गावातून निघून जाणाऱ्या गाड्या तेवढ्या दिसल्या नाहीत. जीपला त्या वाटेत आडव्या येत असणार.

परंतु कार्डे बत्तीस येत, आणि बत्तीस भरून गेली पाहिजेत, असा वरून हुकूम असे. त्यासाठी आमच्या शाळेने एक रीत पाडली होती. तिला आम्ही मुले 'नावावर उभं राहणं' म्हणत असू. हजर असलेल्या मुलाने स्वतःची तपासणी झाली की रांगेच्या शेवटी जायचे आणि गैरहजर मुलाच्या नावावर पुन्हा उभे राहायचे. गुरुजी उंची पाहून जोड्या लावत.

"भगवानच्या नावावर कोण? तू ये बे, लंब्या. कासाबाईच्या नावावर तू."

"गुर्जी, मी तीन येळा उभा ऱ्हातो!" कुणी तरी ओरडे, कारण प्रत्येक वेळी एक आंबटगोड पिवळी गोळी मिळे.

"तीन येळा उभा ऱ्हाशील अन् तिन्ही येळा खरूज निघंल. गप बस."

सारा वर्ग हसे. मीही हसत असे.

त्या वर्षी मी हात वर करून म्हणाले, "सुभद्राच्या नावावर मीच. दुसरं कुणी न्हाई."

सुभद्रा माझ्या शेजारी बसे. तिला फळ्यावरचे दिसत नसे, हे मला ठाऊक होते. जगात ते फक्त मलाच ठाऊक होते. ती पाटी नाकाशी धरून लिही. वेशीतून येणारी गाडी कोणाची, हे ती घुंगरांवरून ओळखी आणि माणूस कोणता, हे चालीवरून. फळ्यावर गुरुजींनी काही लिहिले की ती मला कोपराने ढोसून विचारी, "काय म्हणतोय गं फळा?" मी कुजबुजून वाचून दाखवी. एकदा ऐकलेले ती विसरत नसे. पाढे, कविता, जिल्ह्यातले तालुके, सारे तिला एका ऐकण्यात पाठ होई. वर्गात पहिला नंबर माझा येई, तिचा दुसरा. तो खरे तर तिचा पहिला होता.

आता माझी चूक सांगते. तपासणी ही परीक्षा असते, असे मी समजत होते. गुरुजी आवाज उतरवून बोलत, आम्ही नखे कापून जात असू, रांगेत उभे राहत असू, साहेब विचारत आणि कागदावर लिहीत. याहून वेगळी परीक्षा कशी असते? डोळ्यांच्या परीक्षेत सुभद्रा नापास होणार, हे मला माहीत होते. ती नव्हती, हे तिचे नशीब, असे मला वाटले. मी तिला पास करणार होते.

चुन्याच्या रेघेवर मी दुसऱ्यांदा उभी राहिले. सगळ्या ओळी वाचल्या. शेवटची, राळ्याच्या दाण्यांची, न अडखळता वाचली, आणि डॉक्टरांनी न सांगता उलट्या क्रमानेही वाचून दाखवली. माझ्यापेक्षा तिला एक गुण जास्त मिळावा, अशी माझी इच्छा होती.

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिले. "आत्ताच येऊन गेलीस ना गं तू?"

मी गुरुजींकडे पाहिले. गुरुजी म्हणाले, "जुळ्या हायेत, साहेब."

"असं! आणि भुवईवरसुद्धा दोघी एकाच जागी पडल्या वाटतं?"

"पडल्या असतील, साहेब. पोरींची जात."

डॉक्टर हसले. कंपाउंडर हसले. शिपाईमामा दोरी गुंडाळता गुंडाळता हसले. आणि हसत हसत त्या सुशिक्षित माणसाने सुंदर, तिरप्या अक्षरात लिहिले: डाव्या भुवईवर जुना व्रण. तेच अक्षर आता माझ्या हातात होते. शाई किंचित तांबूस झाली आहे, पण अक्षर स्वच्छ आहे. त्यांना कळले नव्हते, असे म्हणायची सोयच त्यांनी ठेवलेली नाही. ते चांगले गृहस्थ होते. एकदा त्यांनी माझ्या आईला औषध फुकट दिले होते. चांगल्या गृहस्थांनी हसत लिहिलेल्या कार्डांचे काय करायचे, हे मला कुठल्याही पुस्तकात सापडले नाही.

चैत्रात गाड्या परतत. परतलेल्या मुलांच्या अंगाला एक वेगळा वास असे: वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, हिरवा, गुळचट वास, त्यात पाचटाच्या कोपीतल्या चुलीचा धूर आणि बैलांचा घाम. सुभद्रा आली तीच माझ्या घरी. तळहातांवर उसाच्या पाचटाने कापलेल्या बारीक रेघा होत्या, पाटीवर ओढाव्यात तशा.

"सुभे, तुझे डोळे पास झाले," मी सांगितले. "सगळ्या ओळी. शेवटची उलटी पण!"

"आता गं बया!" ती खदाखदा हसली. "मी तिकडं वाढे बांधत व्हते, अन् माझे डोळे हिकडं शाळंत बसलते?"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. ते हसू अजून माझ्या कानात आहे.

पाचवीच्या वर्गात मुलींना उंचीप्रमाणे बसवले. सुभद्रा त्या हंगामात वाढली होती. ती मागे गेली, मी पुढे राहिले. फळा वाचून दाखवायला तिच्या शेजारी कोणी उरले नाही. श्रावणात एका दुपारी गुरुजींनी तिला उभे केले.

"वाच."

तिने डोळे बारीक करून फळ्याकडे पाहिले.

"वाच म्हणतो ना! तोंडात काय मूग धरलेत?"

"गुर्जी, दिसत न्हाई."

गुरुजी टेबलाकडे गेले. कार्डांचा गठ्ठा काढला, तिचे कार्ड शोधले आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असे वाचले, "डोळे निर्दोष. हे मी लिवलेलं न्हाई. डाक्टरनी लिवलंय. ढोंग करते व्हय गं, सटवे?"

विचार करा. त्याच माणसाने मला रेघेवर उभे केले होते. "जुळ्या हायेत" असे त्यानेच म्हटले होते. सात महिन्यांत तो ते विसरला होता, असे मला वाटत नाही. आमच्या भागातल्या दुसऱ्या कुठल्याही माणसासारखाच तो छापील कागदापुढे नरम झाला होता, मग तो कागद त्याच्या डोळ्यांदेखत खोटा लिहिला गेला असला तरी. छडीचे चार फटके मी मोजले. मी पहिल्या रांगेत होते. भुवईवरचा व्रण बोटाने चाचपत होते. मी उभी राहिले नाही.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. त्यांना सगळे गाव आबा म्हणे. ऊसतोड नसेल तेव्हा शेरडे-मेंढरे राखणारा, उन्हाने काळा पडलेला, बोलायला मऊ माणूस. ते पायताण बाहेर काढून दारातच उभे राहिले.

"गुर्जी, पोरीला लांबचं दिसंना जणू. शिरूरला दाखवावं का?"

गुरुजींनी कार्ड त्यांच्या हातात दिले. आबांना वाचता येत नव्हते. त्यांनी ते उलटे धरले होते, तरी खालच्या शिक्क्यावर अंगठा हळूच फिरवला.

"सरकारी हाय," ते म्हणाले. मग सुभद्रेकडे वळून, फार दुखावल्या आवाजात म्हणाले, "डाक्टर खोटं लिवंल व्हय गं? कावून खोटं बोललीस?"

त्या वर्षी दसऱ्याला गाडी गेली, चैत्रात परत आली, पण सुभद्रा शाळेत आली नाही. पुढे कधीच आली नाही.

बाकड्यावरून उठून मी दोन्ही कार्डे पिशवीत घातली आणि तडक सुभद्रेच्या घरी गेले.

सुभद्रा ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. आता ती माझ्यासारखीच साठी ओलांडलेली, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. तो चष्मा तिला चाळिशीत मिळाला, गावात भरलेल्या एका डोळे-तपासणी शिबिरात. मी तिला कार्ड वाचून दाखवले. भुवईचा रकाना आला तेव्हा तिने शेंगांचे हात पदराला पुसले आणि माझ्या भुवईवरून बोट फिरवले.

"हीच व्हय?" ती म्हणाली. "माज्या कागदावर तुजी खूण. मंजी पोलिसांनी मला धरायचं म्हणलं असतं तर तुलाच नेलं असतं की."

मी हसले नाही. ती हसली.

"तुला एक सांगू का? हसायचं न्हाई पर. फळ्यावर अक्षरं असत्यात, ही तुमी लोकं मस्करी करता, असं मला वाटायचं. गुर्जी खडू घासतोय, अन् तुमाला समद्यांना आधीच पाठ हाय, मलाच तेवढं न्हाई, असं. चष्मा लावला तवा शिबिरातच भितीवरची पाटी वाचली मी. एक एक अक्षर लावून. चौथीपातूर शिकलते ना." तिने एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले. "लई रडले तवा. डाक्टरीण म्हणली, आजी, दुखतंय का? म्हणलं, न्हाई बाई. वय बगून बोल, आजी कुणाला म्हणतीस."

मग तिने मला तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी मी तिथे गेले असेन.

"तवा तू ल्हान व्हतीस, ते राहू दे. पर मोठेपणी बाई झालीस. तुज्या शाळंतून बी गाड्या जात व्हत्या. तू काय लिवलंस?"

ती चौकशी करत होती, आरोप नव्हे. म्हणून खरे सांगणे भाग होते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी गैरहजर मुलांपुढे 'गैरहजर' असेच लिहिले होते. तक्ता परत आला. वर शेरा होता: अपूर्ण, पूर्ण करून पाठवा. मी पुन्हा तसाच पाठवला, तो पुन्हा आला. तिसऱ्या वेळी मी पूर्ण केला. पुढच्या वर्षी परत यायची वाट पाहिली नाही. मुलांना मी कधी दुसऱ्याच्या नावावर उभे केले नाही, याचा मला बरीच वर्षे अभिमान वाटत होता. त्यांना उभे करण्याची मला गरजच नव्हती. मी खुर्चीत बसून लिहीत होते.

सुभद्रेने सगळे ऐकून घेतले. शेंगांची टरफले सुपात गोळा केली.

"माजी नात ईश्वरी तुमच्याच शाळंत हाय, तिसरीला," ती म्हणाली. "आता आई-बापासंगट कारखान्यावर गेली. धाकट्याला संभाळाया. ती मोबाईल नाकाला लावून बगती. मी जशी पाटी धरायची, तशी. परवा तपासणी हाय म्हणं शाळंत. तिच्या नावापुढं काय लिवणार?"

मी त्याच पावली शाळेत गेले. मुख्याध्यापक टॅबवर काही भरत होते.

"सर, परवाच्या तपासणीत गैरहजर मुलांचे काय करता?"

"काई न्हाई, बाई. मागच्या वर्षीचं तसंच पुढं घेतो, वजन दोन किलो वाढवतो. शंभर टक्के झाल्याबिगर ते ॲप पुढं सरकतच न्हाई." त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. थकवा होता. "तुमच्या टायमाला बरं व्हतं, कागद तरी व्हता."

"आणि मागच्या वर्षी कुठून घेतले होते?"

त्यांनी टॅबवर बोट मागे सरकवले. "त्याच्या मागच्या वर्षीचं."

मला राग अनावर झाला. मुलीला कोणीही, कधीही पाहिलेले नाही, आणि तिचे वजन दरसाल दोन किलोंनी वाढते आहे. आम्ही निदान चोवीस किलोंचे एक खरे शरीर काट्यावर उभे करत होतो. मी त्यांना जे बोलायचे ते बोलले. ते ऐकून घेत राहिले, मग म्हणाले, "बाई, तुमी म्हणता ते खरं हाय. पर मी एकटा काय करू?" एकतीस वर्षे मी हेच वाक्य मनात म्हणत आले होते. दुसऱ्याच्या तोंडून ते किती लहान वाटते!

तपासणीच्या दिवशी पथक आले. तरुण डॉक्टरीणबाई, एक परिचारिका, एक चालक. लिंब आता नाही. तक्ता नव्या खोलीच्या भिंतीला लावला, समोर फरशीवर खडूची रेघ ओढली. मुले रांगेत उभी राहिली. खोबरेल तेलाचा आणि नव्या बुटांचा वास येत होता. मी दाराशी बसले होते, नेमके काय करणार हे मलाही ठरवता आले नव्हते.

एवढ्यात सुभद्रा आली. इरकली लुगडे नेसलेली, डोईवर पदर, वाकून न चालता ताठ. कोणालाही काही न विचारता ती तिसरीच्या रांगेत, दोन मुलींच्या मध्ये उभी राहिली. मुली खिदळल्या. एकीने विचारले, "आजी, तुमी कितवीला?"

"तिसरीला. सरक थोडी."

तिचा नंबर आला. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "आजी, ही मुलांची तपासणी आहे. तुमचं नंतर बघते हं."

"ईश्वरीच्या नावावर उभी हाय मी. ती कारखान्यावर गेलीय."

"दुसऱ्याच्या नावावर कसं उभं राहता येईल?"

"आमच्या शाळंत तसंच असतंय. लई जुनी रीत हाय. ह्या बाईला इचारा, ती माज्या नावावर उभी व्हती."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. पाचवीच्या वर्गात जे उठणे राहून गेले होते, ते मी आता उठले. पिशवीतून दोन्ही कार्डे काढली, शेजारी शेजारी धरली आणि वाचली. वजन, डोळे, भुवई. वाचून झाल्यावर मी म्हणाले, "हिला दिसत नव्हते, मॅडम. हे ६/६ माझे आहेत. ही मुलगी पुढे शिकली नाही. आणि आज या यंत्रात हिच्या नातीपुढेही असाच आकडा आहे. तिला कोणी तपासलेले नाही."

मुख्याध्यापक खाली पाहत होते.

सुभद्रेने चष्मा काढला, घडी घालून कमरेला खोचला आणि रेघेवर पाय जुळवले. डावा डोळा तळव्याने झाकला. दाबला नाही.

"म," ती म्हणाली. "बास. त्याच्या खाली नुसता धूर हाय. लिवा."

डॉक्टरीणबाईंनी टॅब जवळ ओढला. मग ईश्वरीच्या नावापुढचा आकडा पुसला आणि लिहिले: गैरहजर, तपासणी बाकी. सुभद्रेला त्यांनी ऊसतोडीचा तळ कुठे आहे, कोणत्या कारखान्याचा, हे विचारून घेतले. त्या भागातल्या दवाखान्याला कळवते म्हणाल्या. पुढे जाण्यासाठी त्यांनी बोटाने पडद्याला स्पर्श केला. यंत्राने लाल चौकट दाखवली. पुन्हा केला. पुन्हा लाल.

"मॅडम, ते घेणार न्हाई," मुख्याध्यापक हळूच म्हणाले. "पूर्ण भरल्याबिगर पुढचं नाव येत न्हाई." मग सुभद्रेकडे वळून, अगदी अजिजीने, "आजी, रांग खोळंबलीय मागं."

सुभद्रा रेघेवरून हलली नाही.

"खोळंबू द्या," ती म्हणाली.